अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा सामन्याचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑगस्टमध्ये मराठी मुलंमुली एमएस करायला टेक्सास, ओहायो, इंडियानाकडे रवाना होतात. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी अख्खं गाव एकाच रंगाचे कपडे घालून रस्त्यावर का आलंय, हे त्यांना कळत नाही. खेळाचे नियम मागाहून शिकता येतात. त्या दिवसाचे रिवाज मात्र आधी ठाऊक असलेले बरे, कारण चुकीच्या वेळी ओरडलात तर शेजारचा आजोबाही डोळे वटारतो.

सामना ६० मिनिटांचा असतो ना? मग अख्खा दिवस कशाला लागतो?

घड्याळात १५ मिनिटांची चार सत्रं, म्हणजे क्वार्टर. पण चेंडू बाहेर गेला, गुण झाले, पंचांनी चूक पकडली की बहुतेक वेळा घड्याळ थांबतं. शिवाय टीव्हीच्या जाहिराती आणि २० मिनिटांचा हाफटाइम. प्रत्यक्षात साडेतीन तास धरून चाला. त्याआधी चार-पाच तास गाड्यांच्या तळावर खाणंपिणं, बँडची मिरवणूक, संघाचं आगमन. दुपारी साडेतीनचा सामना असेल तर लोक सकाळी नऊला तंबू ठोकून बसलेले दिसतील. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होऊन नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो आणि त्यात घरच्या मैदानावरचे सामने साधारण सहा-सात. म्हणूनच एकेका शनिवारचं एवढं अप्रूप.

कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं?

ही एक गोष्ट कळली की अर्धं काम झालं. चेंडू समोरच्या संघाकडे असेल तेव्हा घसा फाटेस्तोवर ओरडायचं. आपल्या संघाकडे असेल तेव्हा शांत राहायचं. नवखी माणसं नेमकं उलट करतात: आपला संघ चढाई करतोय म्हणून जोशात येऊन ओरडतात.

कारण सरळ आहे. चढाई करणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने हाका देतो आणि त्या हाकेवर पुढची फळी हलते. गोंगाटात हाक ऐकू आली नाही तर एखादा खेळाडू आधीच हलतो आणि पाच यार्ड मागे जायची शिक्षा होते. २०२४पासून वरच्या स्तरावरच्या संघांत प्रशिक्षक एका खेळाडूशी हेल्मेटमधल्या स्पीकरवरून बोलू शकतो, पण तोही संपर्क पुढची चाल सुरू करायला १५ सेकंद उरले की तुटतो. शेवटची हाक अजूनही तोंडीच असते. ‘थर्ड डाउन’ म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा. तो समोरच्यांचा असेल तेव्हा आवाज सर्वांत मोठा हवा, कारण तो फसला की बहुधा चेंडू सोडावा लागतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अशा वेळी लोक खिशातल्या किल्ल्यांचे जुडगे काढून खुळखुळवतात.

घंटा, पिपाण्या, ढोल नेले तर चालतात का?

प्रेक्षकांना जवळपास कुठेच नाही. ठळक अपवाद मिसिसिपी स्टेटचा. तिथे गाईच्या गळ्यातली घंटा वाजवतात, तीही मूठ वेल्डिंग करून बसवलेली, म्हणजे मनगटाला त्रास न होता तीन तास हलवता येते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, या गटाने १९७४मध्ये कृत्रिम आवाजाच्या साधनांवर बंदी घातली. पुढची पस्तीसएक वर्षं लोक घंटा कोटात लपवून नेत राहिले. शेवटी २०१०मध्ये तडजोड झाली: सामन्याआधी, हाफटाइमला, टाइमआउटमध्ये आणि आपले गुण झाल्यावर वाजवा, पण समोरचा खेळाडू चेंडूवर वाकला की घंटा बंद. नियम मोडला तर दंड विद्यापीठाला. घंटेची जीभ दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवायची सवय लावून घ्या, नाहीतर नुसतं टाळ्या वाजवायला गेलात तरी ती वाजते. आणखी एक समजूत आहे: पहिली घंटा स्वतः विकत घेऊ नये, कुणीतरी भेट द्यावी.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विद्यार्थी पूर्ण सामना उभे का असतात?

२ जानेवारी १९२२. डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध सामना चालू होता आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते. फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला ई. किंग गिल हा विद्यार्थी त्या दिवशी पत्रकारांना खेळाडू ओळखायला मदत करत वर बसला होता. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. जखमी खेळाडूचा पोशाख चढवून तो कडेला उभा राहिला. त्याला खेळायची वेळ आलीच नाही. संघ २२-१४ असा जिंकला. पण गरज पडली तर उतरायला तो तयार होता, एवढ्यावरून ‘बारावा माणूस’ ही कल्पना रुजली. आज सगळा स्टुडंट सेक्शन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जागांचा भाग, त्या अर्थाने उभा असतो. त्यांच्या काइल फील्ड या स्टेडियमची क्षमता १,०२,७३३ आहे, तेव्हा हे उभं राहणं काय दिसतं त्याची कल्पना करा.

प्रत्यक्षात काय सांभाळावं लागतं? पायांत मऊ तळव्याचे बूट हवेत. सप्टेंबरातल्या टेक्सासच्या उन्हात साडेतीन तास म्हणजे गंमत नाही. आदल्या रात्रीपासून भरपूर पाणी प्या. गुडघे ताठ ठेवून उभं राहू नका, चक्कर येते. बसावंसंच वाटलं तर विद्यार्थ्यांच्या तिकिटाऐवजी दुसऱ्या भागातलं तिकीट घ्या. तिथे कुणी काही म्हणत नाही.

इथे चीअरलीडर नसतात. पाच ‘येल लीडर’ असतात. कुठला नारा द्यायचा ते हातांच्या खुणांनी सांगतात. ती खूण दिसली की तुम्हीही तीच करून मागच्यांकडे पोचवायची, मग सगळे एकदम कमरेत वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून नारा देतात. खूण पुढे न देता मोबाइलवर चित्रण करत बसलात तर तुमच्यामागची पूर्ण रांग आंधळी होते. नाऱ्यांची तालीम आदल्या रात्री बारा वाजता स्टेडियममध्येच होते. तिला ‘मिडनाइट येल’ म्हणतात आणि तिला हजारो लोक जातात. शेवटी दिवे मालवतात आणि जोडपी एकमेकांचं चुंबन घेतात. एकट्यांनी लायटर पेटवायचा, म्हणजे दुसऱ्या एकट्याला दिसतं. सामन्यातही आपले गुण झाले की हाच रिवाज. त्यामुळे आईवडिलांना सोबत नेणार असाल तर आधी कल्पना देऊन ठेवा.

युद्धगीताच्या दुसऱ्या भागात सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, पाय आडवे करून डावी-उजवीकडे डोलतात. पहिल्या दोन-तीन हेलकाव्यांची दिशा शेजाऱ्याकडे बघून पकडा. उलट डोललात तर कोपर थेट तोंडावर येतं.

एक गोष्ट मात्र जपून बोला. प्रतिस्पर्धी टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी लाकडांची प्रचंड होळी रचायचा इथे रिवाज होता. १८ नोव्हेंबर १९९९ला पहाटे ती रचत असतानाच कोसळली आणि १२ जण गेले, २७ जखमी झाले. त्यानंतर कॅम्पसवरची होळी बंद झाली. तिच्या जागी स्मारक आहे. विनोदाचा विषय नाही.

ओहायो स्टेटच्या बँडचं एवढं कौतुक का?

ढोलताशा पथकात वाजवलेल्या कुणालाही ते पाच मिनिटांत कळेल. बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यं असतात, बासरी-क्लॅरिनेट नाही. वाजवत वाजवतच ही मंडळी मैदानावर जोडलेल्या वळणदार अक्षरांत ‘ओहायो’ लिहितात. १९३६पासून हे चाललंय. सगळे एकामागे एक अशा साखळीने धावल्यासारखे चालतात, आणि जिथे अक्षरांच्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे दोन ओळी एकमेकींच्या फटींतून आरपार निघतात. एकाचं पाऊल अर्धं जरी चुकलं तरी सूझाफोनवर (अंगाभोवती अडकवायचं मोठं पितळी वाद्य) सूझाफोन आदळणार.

खरी गंमत शेवटच्या टिंबाची. इंग्रजी ‘आय’ या अक्षरावरचं टिंब म्हणून शेवटच्या वर्षांतला एक सूझाफोनवादक उभा राहतो. ड्रम मेजरच्या मागोमाग तो ऐटीत, गुडघे उचलत येतो, जागेवर पोचतो, वळतो, आणि अंगाभोवती गुंडाळलेलं ते जड वाद्य सांभाळत कमरेत खोल वाकून दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना नमस्कार करतो. हा मान मिळवायला चार-पाच वर्षं बँडमध्ये काढावी लागतात. बाहेरच्यांना तो क्वचितच मिळालाय. अंतराळवीर जॉन ग्लेन त्यांतले एक. तिकीट काढताना शक्यतो वरच्या मजल्याचं घ्या. खालून फक्त टोप्या दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. तिकीट मिळालंच नाही, तर सामन्याआधी जवळच्या सेंट जॉन अरीनात बँडची बैठक होते, तिथे जा. आवाज छताखाली कोंडलेला असतो, ढोल छातीत वाजतो.

क्लेमसनमध्ये दगडाला हात लावून टेकडीवरून का धावतात?

पूर्वी कपडे बदलायची खोली टेकडीवर होती, म्हणून १९४२पासून संघ उतारावरून मैदानात येई. एवढंच मूळ कारण. पुढे एका माजी विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतून आणलेला दगड प्रशिक्षक फ्रँक हॉवर्ड यांना दिला. ते त्याचा दाराला अडसर म्हणून वापर करत. १९६६मध्ये तो चौथऱ्यावर बसवला आणि पुढच्या वर्षी खेळाडू त्याला हात लावून धावू लागले. आता खोल्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. त्यामुळे संघ सराव संपवून आत जातो, बसमध्ये बसतो, अख्ख्या स्टेडियमला वळसा घालून टेकडीवर येतो, दगडाला हात लावतो आणि तोफ उडताच खाली सुटतो. देवळात जायला जवळचं दार असतानाही प्रदक्षिणा घालूनच जायचं, तसं. हे बघायचं तर सामना सुरू होण्याच्या २० मिनिटं आधी जागेवर असा. शेवटच्या क्षणी येणारे दारातच तोफ ऐकतात.

जिवंत प्राणी मैदानात आणतात, ते बिथरत नाहीत का?

बिथरतात. कोलोरॅडोची ‘रॅल्फी’ ही अमेरिकन बायसन आहे, नेहमी मादीच, कारण नर खूपच मोठा आणि आडदांड होतो. पाच विद्यार्थी दोर धरून तिच्यासोबत घोड्याच्या नालेच्या आकारात मैदानाला फेरी मारतात. ते तिला आवरतात असं म्हणण्यापेक्षा ती त्यांना फरफटत नेते म्हणणं खरं. तिचा मूड नसेल तर फेरी रद्द होते. १ जानेवारी २०१९ला शुगर बोलच्या (‘बोल’ म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना) आधी टेक्सासचा लांब शिंगांचा बैल ‘बीवो’ कठडा मोडून जॉर्जियाच्या बुलडॉगच्या, म्हणजे ‘अगा’च्या, अंगावर गेला. दोघांचा एकत्र फोटो काढायचा बेत होता म्हणे.

ओक्लाहोमाची ‘सूनर स्कूनर’ ही छपराची तट्टूगाडी गुण झाले की मैदानात येते. १९८५च्या ऑरेंज बोलमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध फील्ड गोल, म्हणजे लाथेने गोलपोस्टमधून मारलेला गोल, झाला असं वाटून हाकणाऱ्याने गाडी काढली. पण पंचांनी आधीच चूक दाखवून गोल रद्द केला होता. गाडी बरोबर मैदानात रुतली. १५ यार्डांची आणखी शिक्षा झाली, लांबून मारलेला पुढचा प्रयत्न अडवला गेला आणि सामना २८-१७ असा हातचा गेला. २०१९मध्ये मागच्या भागातल्या माणसांचं वजन नीट विभागलं न गेल्याने गाडी कलंडली. वळताना जोर बाहेरच्या चाकांवर येतो आणि वर उभी माणसं असतील तर तोल सुटतोच.

प्रेक्षक काय काय फेकतात? आपण फेकावं का?

अलाबामा राज्यातल्या ऑबर्नमध्ये जिंकल्यावर टूमर्स कॉर्नर नावाच्या चौकातल्या झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात, इतकी की चौक बर्फ पडल्यासारखा दिसतो. पद्धत अशी: दोन-तीन हात कागद आधी मोकळा सोडा, टोक मागे लोंबू द्या आणि भेंडोळं फांदीच्या पलीकडे जाईल असं उंच फेका. बंद भेंडोळं फेकलं तर ते उलगडत नाही, दगडासारखं कुणाच्या तरी डोक्यात पडतं. झाडावर चढायचं नाही, काडी पेटवायची नाही. २०१०च्या ऑबर्न-अलाबामा सामन्यानंतर प्रतिस्पर्धी अलाबामा विद्यापीठाच्या एका चाहत्याने इथल्या जुन्या ओक वृक्षांच्या मुळांत तणनाशक ओतलं. झाडं वाचली नाहीत. २०१३मध्ये काढावी लागली. २०१५मध्ये नवी लावली, तर पुढच्याच वर्षी कुणीतरी कागदाला आग लावली. म्हणून नव्या झाडांवर बराच काळ कागद फेकू देत नव्हते. जाण्याआधी त्या हंगामाची सूचना वाचा.

टेक्सास टेकमध्ये मक्याच्या किंवा मैद्याच्या टॉर्टिया फेकतात. हो, पोळ्याच. मध्ये भोक पाडलं तर त्या तबकडीसारख्या लांब जातात, आणि लोक त्या पँटच्या आत दडवून नेतात. त्यापुढचं विचारू नका. २०२५पासून टेक्सास टेक ज्या गटात खेळतं त्या गटाने इशाऱ्यानंतर १५ यार्डांची शिक्षा लावली आणि ती घरच्या संघाला बसलीही. तेव्हा उत्तर: आता फेकू नका. अन्नाचं म्हणाल तर आपल्या घरात वाढलेल्याला ते पाहवतही नाही.

विस्कॉन्सिनमध्ये स्टेडियम हलतं ते खरं का?

तिसरं सत्र संपलं की ‘जंप अराउंड’ हे गाणं लागतं आणि विद्यार्थी एकदम उड्या मारतात. हे १९९८पासूनचं. २००३मध्ये बांधकाम चालू असल्याने ते थांबवलं होतं. मुलांनी गदारोळ केला, अभियंत्यांनी इमारत सुरक्षित असल्याचं सांगितल्यावर पुन्हा सुरू झालं. नोव्हेंबरात तिथे ॲल्युमिनियमच्या बाकांतून थंडी पायांत चढते. पुठ्ठ्याचा तुकडा नेऊन त्यावर उभे राहा. दोन मोज्यांपेक्षा जास्त उपयोग होतो.

टेलगेटला बोलावलंय. काय न्यायचं, कसं वागायचं?

गाडीचा मागचा फळका उघडून खाणं मांडायचं, म्हणून टेलगेट. रिकाम्या हाताने जाऊ नका, पण फार शिजवूही नका. बटाटेवडे नेले तर तासाभरात थंडगार आणि तेलकट होतात. भेळ उत्तम: कुरमुरे-शेव-फरसाण एका डब्यात, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर दुसऱ्यात, चटण्या बाटल्यांत, आणि कालवायचं ऐनवेळी, एकावेळी दहा जणांपुरतंच. शाकाहारी असाल तर पनीर आणि ढोबळी मिरचीच्या काड्या न्या, पण यजमानाच्या ग्रिलवर मांसाशेजारी ठेवायच्या नसतील तर ॲल्युमिनियम फॉइल सोबत असू द्या. शिजलेलं किंवा दुधाचं काहीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तापमान ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. कोंबडीचा आतला भाग १६५ फॅरनहाइटला गेला पाहिजे, खिम्याच्या बर्गरचा १६०ला. कोळशाची राख थंड वाटली तरी आतून धगधगत असते. ती कचऱ्याच्या पिशवीत किंवा गाडीखाली टाकू नका, ठेवलेल्या पिंपातच टाका.

मिसिसिपी विद्यापीठातल्या ‘ग्रोव्ह’मध्ये झाडांखाली तंबू, टेबलावर कापडी आच्छादन आणि तंबूत चक्क झुंबर टांगलेलं दिसेल, लोक लग्नाला आल्यासारखे नटतात. तिथे चप्पल-शॉर्ट्सवर गेलात तर हाकलणार नाहीत, पण तुम्हालाच चुकल्यासारखं वाटेल. टेनेसीत तर लोक नदीतून होड्या घेऊन येतात आणि काठाला एकीला एक बांधून होडीतच पंगत मांडतात. वाहतुकीच्या कोंडीला कंटाळून १९६२मध्ये एका समालोचकाने सुरू केलेला हा प्रकार.

बहुतेक तळांवर ‘कॉर्नहोल’ खेळतात. चार फूट बाय दोन फुटांची उतरती फळी, वरच्या बाजूला सहा इंचांचं भोक, दोन फळ्यांत २७ फूट अंतर. फेकलेली दाण्यांची छोटी पिशवी भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. दोघांचे गुण वजा करून उरतील ते मोजायचे, २१ला डाव. उंच फेकू नका, सपाट फिरकी देऊन फळीच्या मध्यावर टाका, घसरत जाऊन पडते.

दारू २१ वर्षांखालच्यांना नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक: पिऊन गाडी चालवताना पकडलं तर दंडावर भागत नाही, व्हिसा रद्द होऊ शकतो. परतीची सोय आधी ठरवा.

आयोवात सगळे पाठ फिरवून हात का हलवतात?

मैदानाला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे आणि वरच्या मजल्यांच्या काचांतून आजारी मुलं सामना बघतात. २०१७पासून पहिलं सत्र संपलं की प्रेक्षक, दोन्ही संघ, पंच, सगळे तिकडे वळून हात हलवतात. रात्रीचा सामना असेल तर मोबाइलचे दिवे. त्यावेळी खाद्यपदार्थ आणायला उठू नका.

टेक्सासची ‘हुक एम’ खूण कशी करायची?

तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं अंगठ्याने दाबून धरलेली. अंगठा बाहेर राहिला तर ती बैलाची शिंगं होत नाहीत. १९५५पासून ही खूण आहे. उलटी, शिंगं खाली करून दाखवणं हा अपमान. मैदानात खेळाडूंनी ती केली म्हणून शिक्षाही झाल्यात.

जिंकल्यावर सगळे मैदानात धावतात. आपणही जावं का?

मोह होतो, पण नको. २०२२मध्ये टेनेसीने अलाबामाला ५२-४९ असं हरवल्यावर लोकांनी गोलपोस्ट उपटून नदीत टाकला. २०२४मध्ये व्हँडरबिल्टच्या मंडळींनी तो नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेऊन कंबरलँड नदीत बुडवला. दिसायला झकास. प्रत्यक्षात धोका कठड्यावर असतो: मागून लोंढा येतो आणि पुढचा माणूस उडी मारायच्या आधीच ढकलला जातो. एसईसीत विद्यापीठाला पाच लाख डॉलर दंड आहे. जागेवरच थांबा, कडेच्या जिन्याकडे सरका, वरून जास्त चांगलं दिसतं.

आत काय नेता येतं?

बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी, १२ x ६ x १२ इंचांपर्यंत, किंवा एक गॅलनची झिप पिशवी. शिवाय तळहाताएवढी छोटी पर्स. पाठीवरची सॅक घेऊन गेलात तर दारातून परत गाडीपर्यंत चालत जावं लागेल, आणि गाडी बहुधा दीड मैलावर असते. छत्री चालत नाही. प्लॅस्टिकचा पोंचो न्या. तिकीट मोबाइलवर असतं, ते आधीच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, कारण लाखभर माणसं एकाच टॉवरवर असताना दारात इंटरनेट चालत नाही.

हरल्यावर लगेच निघून गेलं तर चालतं का?

विद्यापीठाचं गीत होईपर्यंत थांबा. आर्मी-नेव्ही, म्हणजे लष्करी आणि नौदल अकादमींचा, सामना बघाल तर कारण समजेल: दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या छात्रांपुढे उभे राहून त्यांचं गीत ऐकतात, मग जिंकलेल्यांचं. ‘आपण दुसरे गाऊ’ हाच तिथला विजयाचा शब्द. शिवाय पहिला अर्धा तास गाड्या तळावरून हलतच नाहीत. उरलेली भेळ तेव्हाच संपते.

घरच्यांना पुण्याहून बघायचं असेल तर किती वाजता?

पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी बाराचा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो. संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, त्यानंतर एक तास उशिरा धरा. बँड बघायचा असेल तर दीड तासाने टीव्ही लावून उपयोग नाही: वाहिन्या हाफटाइमला बहुधा स्टुडिओतली चर्चा दाखवतात. ओहायो स्टेटचा बँड आपले कार्यक्रम यूट्यूबवर टाकतो, तिथे बघायला सांगा.